निवडलेली कॉफी

सिलंबूर,
६ नोव्हेंबर १९९५

प्रिय आत्या,

नमस्कार. दिवाळीला आले नाही म्हणून तू रागावली आहेस हे तुझ्या पत्रातल्या चार ओळींवरून कळलं. इथे पळनीच्या डोंगरात दिवाळीच्या सुमारालाच कॉफीची फळं लाल व्हायला लागतात. त्या दिवसांत मी तंजावरला येऊन मुरुक्कू खात बसले असते, तर इथली सोसायटी जन्मायच्या आधीच मेली असती.

तुला सगळं नीट सांगते, म्हणजे मग तुला काम सांगायला मी मोकळी. इथे प्रत्येकाकडे एक-दोन एकर कॉफी आहे. पूर्वी सगळा माल सरकारी कॉफी बोर्डाला द्यावा लागे. आता सरकारने लहान शेतकऱ्यांना मोकळं केलं आहे, कुणालाही विका म्हणून. पण एकटा माणूस दोन पोती घेऊन कुठे जाणार? वट्टलकुंडूचा व्यापारी वर येतो, झाडाला पांढरी फुलं असतानाच उचल देतो आणि भावही तेव्हाच ठरवून टाकतो. यंदा सत्तर घरांनी त्याची उचल घेतली नाही, कारण मी त्यांना सांगितलं की सगळ्यांचा माल एकत्र करू, सोसायटी विकेल. बाळकृष्णरावांनी लिहून दिलेल्या नियमांवर सोसायटीची नोंदणीही झाली. त्यांना माझा नमस्कार सांग.

आता अडलंय ते बँकेत. मॅनेजर म्हणतात, माल घेणाऱ्या कुणाची लेखी ऑर्डर दाखवा, मग पिकावर सोसायटीला कर्ज देतो. ते मिळालं तर पोंगलच्या खर्चापुरते पैसे घरोघरी देता येतील आणि कुणाला व्यापाऱ्याकडे धावावं लागणार नाही. नाही मिळालं तर पोंगलच्या आत सगळे त्याच्याकडे जातील. मार्चनंतर मी नोकरी करते ती संस्था मला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवणार आहे, म्हणजे पुन्हा प्रयत्न करायलाही मी इथे नसेन.

आपण ज्यांच्या दुकानातून कॉफी घेतो ते सूर्यनारायण म्हणजे आपल्या काकांचे विद्यार्थी ना? कुंभकोणमपर्यंतच्या हॉटेलांना ते पूड पुरवतात. पहिल्या तोडणीतल्या कच्च्या बियांची एक पिशवी बसच्या कंडक्टरबरोबर पाठवते आहे. ती त्यांना पोचव आणि आमचा माल घ्याल का, एवढं विचार.

तुझी,
अखिला

*

तंजावर,
२२ नोव्हेंबर १९९५

चि. अखिला,

आशीर्वाद. मी रागावले नव्हते. चार ओळी लिहिल्या कारण शाई संपली होती.

पिशवी मिळाली. कंडक्टरने ती सुक्या मासळीच्या टोपलीशेजारी ठेवली होती, त्यामुळे आधी दोन दिवस दारापुढच्या तिण्णैवर, ओट्यावर, वाऱ्याला ठेवली. वास गेला. मग नवं कापड घेऊन त्याची पिशवी शिवली, आणि आपल्या घरातून एखाद्याकडे वस्तू जावी तशी, ताटात विडा-सुपारी ठेवून स्वतः दुकानात नेऊन दिली. सूर्यनारायण उठून उभा राहिला. छत्तीस वर्षं मी मुलींना गणित शिकवलं, पण मान अजून तुझ्या काकांच्या नावानेच मिळतो.

त्याने मूठभर बिया हातात घेतल्या, उजेडात नेल्या, एक दाताखाली धरली. मग त्याच्या भाजणाऱ्याला बोलावलं. दोघं बराच वेळ बघत राहिले. म्हणाला, "टीचरम्मा, डोंगरातल्या लहान शेतकऱ्याकडचा असा माल मी आजवर पाहिला नाही. असाच सगळा असेल तर सगळा घेतो." भावही चांगला सांगितला, तुला तो स्वतः कळवणार आहे. तुझ्या आवाजात मला जो एक शंकेचा सूर नेहमी ऐकू येतो, तो आता बंद कर.

बाळकृष्णरावांना नमस्कार सांगितला. सहकार खात्यातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी सकाळी दहाला शर्ट घालून बसतात.

तुझी आत्या,
गंगाबाई

*

सिलंबूर,
१२ डिसेंबर १९९५

प्रिय आत्या,

ऑर्डर आली. छापील कागदावर, शिक्का मारून, सही करून. 'नमुन्याप्रमाणे माल' असं लिहिलंय आणि भाव व्यापाऱ्याच्या भावापेक्षा इतका वर आहे की मी तो सभेत दोनदा वाचून दाखवला. मॅनेजरांनी दुसऱ्याच दिवशी कर्ज मंजूर केलं. पोंगलचे पैसे वाटून झाले.

आता लोक स्वतःहून पोती आणताहेत. ज्यांनी वर्षभर माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं, तेही आले. शाळेमागची खोली भरली, म्हणून देवळाची धर्मशाळा मागितली. गिरणीवरून सोलून आलेला माल शंभर पोत्यांच्या वर जाईल. आत्या, मला रात्री झोप लागते आहे. गेल्या दोन वर्षांत अशी लागली नव्हती.

सभेला मात्र अजून सगळे पुरुषच येतात. बायका फळं तोडतात, वाळवतात, राखण करतात, आणि सभा असली की दाराबाहेर उभ्या राहून ऐकतात. आत या म्हटलं की हसतात. जमीन नवऱ्याच्या नावावर, म्हणून सभासदही नवराच. नियमच तसा आहे. पेच्चियम्मा नावाची एक आहे, ती तर मला रोज विचारते, "तुझी कुठे जमीन आहे? मग तू कशी आत बसतेस?" मी म्हणते, मी सभासद नाहीच, मी कामाला आहे. ती म्हणते, "आम्ही पण कामालाच आहोत की."

तू नसतीस तर हे झालं नसतं. हे मी मनापासून लिहिते आहे, तुला खूश करायला नाही.

तुझी,
अखिला

*

तंजावर,
१९ डिसेंबर १९९५

चि. अखिला,

तुझं पत्र कमलाक्षीला वाचून दाखवलं. तिला देवनागरी येत नाही, पण समोरच्या घरात राहून माझ्या घरातलं सगळं तिला माहीत असतं, तेव्हा हेही असू दे. तिला फार आनंद झाला, कारण तिचाही या कामाला हात लागला आहे. तिचं नाव कुठे येत नाही म्हणून ती जरा हिरमुसली होती.

तुझ्या पिशवीतल्या बिया आम्ही दोघींनी दोन दुपारी बसून निवडल्या. काळ्या, तुटक्या, किडीने भोक पाडलेल्या, कोवळ्या, सगळ्या बाजूला काढल्या. जवळजवळ चौथा हिस्सा निघाला ग. तुमच्याकडच्या लोकांना निवडायची सवय दिसत नाही. न निवडलेलं धान्य आपण कुणाच्या घरी पाठवत नाही, मग सूर्यनारायणकडे कसं पाठवायचं? पापनाशमहून आपला तांदूळ येतो तो आपण देवळात देताना सुद्धा निवडतो.

काढलेल्या बिया फेकल्या नाहीत. भाजून, दळून पाहिल्या. दूध जास्त घातलं की चालते. कमलाक्षी म्हणाली हॉटेलातल्यापेक्षा बरी आहे.

मार्गळी महिना चालू आहे, पहाटे दारात कोलमची रांगोळी घालताना पाठ धरते. तेवढं सोडलं तर बरी आहे.

तुझी आत्या,
गंगाबाई

*

सिलंबूर,
२३ डिसेंबर १९९५

आत्या,

तुला काय झालं ते कळतंय का?

नमुना म्हणजे आमचा माल जसा आहे तसा. त्यातल्या काळ्या बिया, तुटक्या बिया, सगळ्यासकट. त्यावरून घेणारा भाव ठरवतो. तू चौथा हिस्सा काढून टाकलास आणि सूर्यनारायणांनी राहिलेलं पाहून ऑर्डर दिली. त्या ऑर्डरवर बँकेने कर्ज दिलं. ते कर्ज घरोघरी वाटून खर्चही झालं. कुणी छपरावर पत्रा घातला, कुणी मुलाच्या कॉलेजची फी भरली. आता शंभर पोती तंजावरला जातील, सूर्यनारायण पहिलं पोतं उघडतील आणि म्हणतील, हा तो माल नाही. मग माल परत. बँक कर्ज परत मागेल. व्यापारी खाली वट्टलकुंडूत वाटच पाहतोय, तो म्हणेल त्या भावाने सगळं घेईल, आणि पुढची वीस वर्षं या डोंगरात सोसायटीचं नाव कुणी काढणार नाही.

लोक म्हणतील, अखिलाने खोटा नमुना दाखवला. आणि ते खरं असेल.

चूक माझीही आहे. पिशवी उघडू नकोस, हे मला लिहायला हवं होतं. पण नुसती पोचवायला दिलेली पिशवी कुणी निवडत बसेल, हे माझ्या डोक्यात तरी कसं येणार?

सूर्यनारायणांना काहीही सांगू नकोस. मला विचार करू दे. मी खूप रागावले आहे, म्हणून इथेच थांबते.

अखिला

*

तंजावर,
२८ डिसेंबर १९९५

चि. अखिला,

तुझं पत्र काल आलं. दोनदा वाचलं. त्याला काही सांगू नकोस असं तू लिहिलंस, तेही वाचलं. मग चप्पल घातली आणि त्याच्या दुकानात गेले.

तू रागाव. पण माझ्या हातून त्याची फसवणूक झाली आहे, आणि ते मला कळल्यावर मी त्याच्याच दुकानातली पूड घरी आणून पीत बसू शकत नाही. मी शिक्षिका होते. चुकलेलं गणित खोडून पुन्हा मांडायला मी हजारो मुलींना लावलं आहे.

दुकानात गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणजे मागे वळायला नको. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, "मी त्या भावावर कुंभकोणमच्या तीन हॉटेलांना शब्द दिलाय, टीचरम्मा. तिथे मी काय सांगू, कुणीतरी बिया निवडल्या म्हणून?"  

शेवटी तो म्हणाला, "मी जे पाहिलं त्याची ऑर्डर दिली. तै महिना संपायच्या आत, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, तसाच माल आला तर तोच भाव. नाही आला तर ऑर्डर रद्द, बँकेलाही तसं कळवावं लागेल." नमुन्यातली एक मूठ त्याने कागदात बांधून दिली, ती या पत्राबरोबर आहे. यापेक्षा वाईट बी त्याला चालणार नाही.

रात्री जेवले नाही. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, झालं ते लिहिते. पण मला अजून एक कळत नाही. आम्ही दोन म्हाताऱ्या दोन दुपारी एक पिशवी निवडू शकलो, तर तुमच्या डोंगरात हात नाहीत का?

तुझी आत्या,
गंगाबाई

*

सिलंबूर,
६ जानेवारी १९९६

प्रिय आत्या,

तू दुकानात गेलीस हे वाचून मी दिवसभर चिडून होते. संध्याकाळी वाटलं, बरं झालं. मी गेले नसते. मी काहीतरी मधला मार्ग शोधत बसले असते आणि पोती निघून गेली असती.

काल सभा घेतली. काय झालं ते सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट. पुरुष आधी चिडले, मग माझ्यावर ओरडले. निवडायचं तर हात बायकांचे, हे सगळ्यांना ठाऊक. रोजंदारी द्यायला सोसायटीत दमडी नाही. एक म्हातारा म्हणाला, "घरातल्या बायकांना कसली रोजंदारी? उद्यापासून बसवू."

त्यावर दाराबाहेरून पेच्चियम्मा म्हणाली, "बसवून तर बघा."

मग ती आत आली. तिच्यामागून पंचवीस-तीस जणी. मी त्यांना आत या म्हणून दोन वर्षं बोलावत होते, तेव्हा एकही आली नव्हती. पेच्चियम्मा म्हणाली, "आम्ही निवडतो. मजुरी नको. आमची नावं सोसायटीत लिहा. पूर्ण सभासद, हात वर करायचा हक्क असलेले. नावं लागेपर्यंत एका पोत्याचीही शिवण उसवणार नाही."

मी सांगितलं, नियमाप्रमाणे ज्याच्या नावावर जमीन तोच सभासद. ती म्हणाली, "नियम कुणी लिहिले?" मी म्हटलं, तंजावरच्या एका मोठ्या अधिकाऱ्यांनी. "त्यांनी कॉफीचं झाड पाहिलंय का?"

पाहिलं नसावं. आत्या, ते नियम खालच्या भाताच्या सोसायट्यांचे आहेत, मीच ते जसेच्या तसे घेतले. आता तुला बाळकृष्णरावांकडे जावं लागेल. सभेने मंजूर करून नोंदणी कार्यालयात देता येईल अशी दुरुस्ती त्यांनी लिहून द्यायला हवी. नुसतं नावापुरतं सभासदत्व, मत नसलेलं, बायकांना चालणार नाही. मी विचारून पाहिलं, त्या हसल्या.

धर्मशाळेत पोती पडून आहेत आणि कुणी हात लावत नाही. व्यापारी परवा वर येऊन गेला, पोती बाहेरूनच मोजली आणि गेला.

तुझी,
अखिला

*

तंजावर,
१३ जानेवारी १९९६

चि. अखिला,

दुरुस्तीचा मसुदा सोबत आहे. तीन दिवस लागले.

पहिल्या दिवशी बाळकृष्णराव म्हणाले, "कशास होणा, कशाला हवं हे? अस्क्या सगळ्या तंजावर जिल्ह्यात ज्याची जमीन त्याची सोसायटी. ओरत्तनाडुला मी वीस वर्षं हेच चालवलं." मी म्हटलं, तुम्ही तिथे भात चालवला, हे कॉफीचं आहे. ते म्हणाले, पीक बदललं म्हणून कायदा बदलत नाही. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि त्यांच्या तिण्णैवर बसले. ते आतून बघत होते. तासाभराने त्यांची बायको कॉफी घेऊन आली. मी म्हटलं, नको, ज्या बायकांच्या हातून ही येते त्यांची नावं लागेपर्यंत मी इथे पाणीसुद्धा घेणार नाही. हे मी जरा नाटकी बोलले, कबूल आहे. पण त्यांची बायको तिथेच माझ्याशेजारी बसली, आणि दुपारी चूल पेटली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बोलावून घेतलं. कायद्याची पुस्तकं काढून बसले होते. म्हणाले, कायद्यात जमिनीचा आग्रह कुठेच नाही, तो आपणच सवयीने घालत आलो. 'कॉफीच्या पिकात स्वतः राबणारी कोणतीही सज्ञान व्यक्ती' असं त्यांनी लिहिलं आहे. लिहून झाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, "वीस वर्षं कोणी विचारलंच नाही, गंगा." मला त्यांची दया आली.

आता तुझ्या पुरुषांनी हात वर करायला हवेत. ते माझ्या हातात नाही.

तुझी आत्या,
गंगाबाई

*

सिलंबूर,
४ फेब्रुवारी १९९६

प्रिय आत्या,

माल गेला. लॉरी आज सकाळी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत सगळे रस्त्यात उभे होते.

पोंगलनंतर सभा झाली. पुरुषांनी हात वर केले, पण आनंदाने नव्हे. पोती समोर होती, मुदत जवळ येत होती आणि घरी कुणी धड बोलत नव्हतं. तिघांनी शेवटपर्यंत हात वर केला नाही. दुरुस्ती दिंडिगुलच्या नोंदणी कार्यालयात नेऊन दिली, आठवड्याभरात मंजुरी आली आणि त्याच संध्याकाळी पेच्चियम्माने पहिल्या पोत्याची शिवण स्वतः उसवली.

तू पाठवलेली मूठ मधे ताटलीत ठेवली होती. प्रत्येक सुपातला माल तिच्याशी ताडून पाहायचा. दोन दिवसांत बायका इतक्या पटाईत झाल्या की ताटलीकडे बघेनात. कुणाच्या घरच्या मालात किती काळं निघतं, हेही सगळ्यांना कळलं. ज्यांनी हिरवी फळं ओरबाडून आणली होती त्यांची नावं आता गावभर झाली आहेत, आणि ते नवरे गप्प आहेत. मला जे दोन वर्षं समजावता आलं नाही ते आठवड्यात झालं.

काढलेला माल व्यापाऱ्याने घेतला. काळ्या बियांसाठी घासाघीस करताना त्याचं तोंड बघायला तू हवी होतीस.

सूर्यनारायण काय म्हणतात ते ताबडतोब कळव. तोवर इथे कुणाच्या जिवात जीव नाही. माझ्याही नाही.

तुझी,
अखिला

*

तंजावर,
८ फेब्रुवारी १९९६

चि. अखिला,

तार केलीच आहे, पण तारेत सगळं मावत नाही.

लॉरी आली तेव्हा मी दुकानात होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. सूर्यनारायणने वरचं पोतं न उघडता अगदी खालून, मागच्या कोपऱ्यातलं काढायला लावलं. मग मधलं एक. मग आणखी तीन. प्रत्येक वेळी मूठ भरून घेई आणि पांढऱ्या कापडावर पसरी. मी साखरेच्या पोत्यावर बसून बघत होते.

शेवटी म्हणाला, "टीचरम्मा, हा तुमच्यापेक्षा चांगला निवडलाय." सगळा घेतला, ठरल्या भावाने. पुढच्या वर्षाचंही बोलू म्हणाला.

घरी येऊन मी रडले. कमलाक्षीला वाटलं माल परत गेला.

तुझी आत्या,
गंगाबाई

*

सिलंबूर,
११ मार्च १९९६

प्रिय आत्या,

काल वार्षिक सभा झाली. बँकेचं कर्ज फिटलं आहे. नवीन कार्यकारी मंडळ निवडलं, पेच्चियम्मा अध्यक्ष झाली. यंदा फुलं भरपूर आहेत, सगळा डोंगर पांढरा दिसतो, आणि व्यापारी येऊन गेला तेव्हा उचल घेणारं एकही घर निघालं नाही.

पण तुला एक सांगायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू मला माफ करणार नाहीस. नव्या मंडळाने मांडलेला पहिला ठराव असा: यापुढे मालाचा नमुना सर्वांसमोर पिशवीत भरून, शिवून, त्यावर लाख लावून थेट घेणाऱ्याकडे जाईल, आणि तंजावरच्या गंगाबाईंच्या घरी कधीही जाणार नाही. तुझं नाव घालू नका, नुसतं 'कुणाच्या नातेवाइकांकडे' लिहा, असं मी सुचवलं. पेच्चियम्मा म्हणाली, "नाव घाल. पुढे कुणाला कळायचं कसं?"

मग मत घेतलं. सगळ्यांचे हात वर गेले. मी विरोधात हात वर केला. मला राग आला होता. तू इतकं केलंस, तीन दिवस बाळकृष्णरावांच्या घरी खेटे घातलेस, आणि कागदावर हे राहणार. पेच्चियम्मा माझ्याकडे बघून म्हणाली, "हात खाली कर. तू सभासद नाहीस." सगळी सभा हसली. मी हात खाली केला आणि ठराव लिहून काढला: एकमताने मंजूर.

या महिनाअखेरीस माझं इथलं काम संपतं.

तुझी,
अखिला

*

तंजावर,
१८ मार्च १९९६

चि. अखिला,

ठराव योग्य आहे. मी तिथे असते तर मीही हात वर केला असता, आणि मलाही त्यांनी खाली घ्यायला लावला असता.

ठरावात माझं नाव आलं याचं वाईट वाटून घेऊ नकोस. छत्तीस वर्षं नोकरी केली, त्या शाळेच्या कुठल्याही कागदावर माझ्याबद्दल एक ओळ नसेल. त्या डोंगरात आता मी आहे, आणि जे लिहिलंय ते खरं आहे.

तुला गप्प बसवलं हे वाचून मात्र मला फार आनंद झाला. रागाव हवं तर. दोन वर्षं तू त्यांच्या वतीने बँकेत बोललीस, सभेत बोललीस, माझ्याशी भांडलीस. आता त्यांच्या सभेत तुला मत नाही, आणि ते तुला सांगायला त्या बाईला कुणाची परवानगी लागली नाही. तू याच्यासाठीच गेली होतीस. महिनाअखेरीला निघताना मागे वळून बघत बसू नकोस, सरळ बसमध्ये चढ आणि आधी इकडे ये.

तुझी आत्या,
गंगाबाई